गायरानात दहा हजार झाडं लावू द्यावीत का? (माण तालुका)

माळावरचा

रामराम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गाव माण तालुक्यात, दहिवडी आणि म्हसवडच्या मधल्या पट्ट्यात. नाव मुद्दाम देत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. वस्ती अठराशेच्या आसपास. पाऊस चारशे-साडेचारशे मिलिमीटर, तोही आला तर आला. उरमोडी धरणाचं पाणी तालुक्यात आलं म्हणून पेढे वाटले गेले, पण आमच्या शिवाराला कालव्याची रेघसुद्धा शिवत नाही. आजोबांच्या वेळी बाजरी, मटकी, हुलगा. आता ज्याच्याकडं बोअर आहे त्याचं डाळिंब, दोघा-तिघांचा ऊससुद्धा. मी चाकणला दहा वर्षं नोकरीला होतो, २०२० च्या लॉकडाऊनला गावी आलो तो राहिलोच. चार एकर, दोन गाई, आणि मागच्या निवडणुकीपासून ग्रामपंचायत सदस्य. बायको म्हणते त्यापेक्षा तिसरी गाय घेतली असती तर दूध तरी वाढलं असतं.

२०१८ साली गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत उतरलं होतं. त्या वर्षी आपल्याच तालुक्यातलं टाकेवाडी (आंधळी) राज्यात पहिलं आलं. आमचा नंबर कुठंच नाही, पण मी सुट्टी टाकून तीन रात्री बॅटरीच्या उजेडात पाणी अडवायचे चर खोदलेत, हाताचे फोड आठवतात. त्यातले निम्मे चर आज गाळानं बुजलेत. कुणी परत उपसायला गेलं नाही.

आता मुद्दा. गावाच्या उत्तरेला ६२ हेक्टर गायरान आहे. एका कंपनीचा निधी घेऊन एक संस्था आली आहे. म्हणतात, १०,००० झाडं लावतो, तीन वर्षं टँकरनं पाणी घालतो, तारेचं कुंपण आमचं, तुम्ही फक्त ठराव द्या. झाडांची यादी बघितली: गिरिपुष्प, करंज, काशीद, सुबाभूळ, आणि फोटोपुरते वड-पिंपळ. सरपंच तयार, पोरं तयार, गटाच्या व्हॉट्सॲपवर हिरवे बदाम पडायला लागलेत.

मीही तयारच होतो. पण नानांना (माझे चुलते) घेऊन माळावर गेलो. माळाच्या कडेला म्हसोबाचं ठाणं आहे. २०१९ साली एका मुंबईकरानं नवस फेडायचा म्हणून ठाण्याभोवती अर्धा एकराला दगडी कुंपण घातलं, तेव्हापासून आत ढोर गेलेलं नाही. आत गुडघ्याएवढं गवत आहे. कुंपणाच्या बाहेर चप्पल घासली तर मुरूम करकरतो. ज्यानं कुंपण घातलं त्याला यातलं काही करायचंही नव्हतं.

मागच्या ऑगस्टमध्ये पाऊण तास धो धो पाऊस पडला तेव्हा छत्री घेऊन मुद्दाम बघायला गेलो. बाहेरच्या माळावरून चहाच्या रंगाचं पाणी धावत ओढ्याला चाललेलं. ठाण्याच्या कुंपणाखालून मात्र निवळ पाणी पाझरत होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाई घेऊन गेलो तेव्हाही दगड ओलेच. नाना तंबाखू थुंकून एवढंच म्हणाले, "हितं झाडं यायची असती तर आमच्या आज्याच्या वक्ताला आली असती."

मासिक बैठकीत मी म्हणालो, झाडं नको, गवत राखू. एकानं तिथंच मला पर्यावरणाचा दुश्मन ठरवलं. दुसरा म्हणाला, हा चाकणला राहून बिघडला.

तर विचारायचं ते असं. फुकट झाडं नको म्हणणं हा खुळेपणा आहे का? टँकरचं पाणी शेवटी येणार कुठून? आणि ग्रामसभेत उभं राहायचं तर हातात काय घेऊन उभं राहू?

हिरवी_वाट

भाऊ, रागावू नका, पण हे वाचून कपाळावर हात मारला. दुष्काळी भागात कुणी कुंपण आणि पाणी घालून झाडं देतंय आणि आपण गवत गवत करतोय! हिवरे बाजारनंही झाडंच लावली ना? डोंगर हिरवा झाला, पाणी आलं, पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली. यादीत वड-पिंपळ वाढवायला सांगा आणि ठराव देऊन टाका. मे महिन्यात सावली नसते तेव्हा कळतं झाड काय असतं.

चराचा_हिशोब

मी कृषी खात्यात मृदसंधारणाच्या कामावर ३१ वर्षं काढली, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. खटाव, माण, आटपाडी, जत, सगळीकडं पायपीट झाली. ए फ्रेमनं (उतार मापायची चौकट) इतक्या समतल रेषा आखल्यात की अजून स्वप्नात ओळंबा हलतो.

आधी कबुली. गिरिपुष्प आम्हीच लावलं. आम्हाला उद्दिष्ट होतं हेक्टरी इतकी जिवंत रोपं दाखवायची. जिवंत कोणतं राहतं? जे शेळी-मेंढी सहसा तोंडात धरत नाही ते. गिरिपुष्प, करंज, काशीद ही नावं तुमच्या यादीत का आहेत त्याचं उत्तर एवढंच आहे. त्या झाडांनी तुमच्या माळाचं काय भलं होईल हे यादी करणाऱ्यानं पाहिलेलं नसतं, तीन वर्षांनी मोजणीला किती दिसतील हे पाहिलेलं असतं. दाट लावलेल्या गिरिपुष्पाखाली जाऊन बघा, पाचोळा असतो, गवताची काडी नसते. सुबाभूळ चाऱ्याला चांगली, पण एकदा बी धरलं की ती तुमचं ऐकत नाही. वेड्या बाभळीनं ओढ्यांचं काय केलं ते माणात कुणाला सांगायला नको.

आता टँकर. माझा स्वभाव आकडे मांडायचा आहे, तेवढं चालवून घ्या. १०,००० रोपं, आठवड्याला रोपामागं १० लिटर म्हटलं तर आठवड्याला १ लाख लिटर. फेब्रुवारी ते मे असे सोळा आठवडे धरले तर १६ लाख लिटर. ऐकायला मोठं वाटतं. पण १ एकर उसाला, पाटानं पाणी दिलं तर, वर्षाला ८० लाख लिटरच्या घरात पाणी लागतं. म्हणजे तुमच्या गावातला एकच एकर ऊस या सगळ्या झाडांच्या पाचपट पाणी पितो. तेव्हा ग्रामसभेत टँकरच्या पाण्यावरून भांडू नका, उसवाला हसेल आणि तुमचा मुद्दा तिथंच बसेल.

भांडायचं असेल तर जागेवरून भांडा. तुमचा माळ म्हणजे वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. तिथं दीड-दीड फुटाचे दहा हजार खड्डे काढले की आहे ती माती उलटी होते, मुरूम वर येतो. रोपाला टँकर असेपर्यंत ते जगतं. चौथ्या वर्षी टँकर बंद, मुळं कातळावर, आणि खड्ड्याभोवतीचं गवत आधीच गेलेलं. मी अशी राने पाहिलीत, तिथं फलक झाडांपेक्षा जास्त टिकले.

गवत मात्र वीतभर मातीतच राहणारं आहे. शेडा, पवना, मारवेल या गवतांचं मूळ झुबक्यासारखं पसरतं आणि मातीला धरून ठेवतं. पावसाचा थेंब पात्यावर फुटतो, जमिनीवर आपटत नाही, पाणी चालायला लागतं ते सावकाश. तुम्ही म्हसोबापाशी जे बघितलं ते हेच. आम्ही जे चर काढतो तेही पाण्याला थांबवायलाच. पण चर बुजतो, गवत बुजत नाही. तुमचे २०१८ चे चर का बुजले असं वाटतं? वरून माती येत राहिली म्हणून. वरचा माळ उघडा ठेवून खाली चर खोदणं म्हणजे फुटक्या कौलांखाली रोज पातेली बदलत बसणं.

हिरवी_वाट यांना एवढंच सांगतो की हिवरे बाजारचं नाव घ्या, पण पूर्ण घ्या. तिथं झाडं लावली हे खरं. पण त्यांच्या पंचसूत्रीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे, श्रमदान आहे, नशाबंदी आणि नसबंदी आहे. त्यावर शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस आणि केळीला बंदी, आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. चराई बंद, पण गवत कापून न्यायला मुभा. डोंगरावर आधी गवत आलं, त्या गवतावर गाई आल्या, दूध आलं. यातली झाडं तेवढी उचलायची आणि ऊसबंदी सोडून द्यायची, असं करून भागत नाही.

खांडवाला

मी मेंढक्याचा पोरगा. बीएस्सी करून आता फलटणला नोकरीला हाय, पर घरी दोनशे मेंढरांची खांड हाय. बा दिवाळी झाली की वाडा (मेंढरं आन् बिऱ्हाड) घिऊन खाली जगायला जातो, कराडकडं, कधी कोकणात. मिरगाच्या आसपास माघारी.

वरची समदी चर्चा वाचली. झाडवालं म्हंत्यात तारंचं कुंपण. गवतवालं म्हंत्यात चराईबंदी. दोन्हीकडनं आमचं मेंढरू भाईरच. आमास्नी कुणी ईचारलं का?

गायरान हे नावच गाईचं रान. आन् गावात म्हंत्यात मेंढरानं माळ खाल्ला. माळ मेंढरानं खाल्ला न्हाय. आमी दिवाळीला जातो, जूनला येतो. सात म्हयनं आमची मेंढरं हितं नसत्यात. बारा म्हयनं माळावर सोडल्याली असत्यात ती गावातली जरशी गाईंची भाकड वासरं आन् शेळ्या. ते कुणाच्या डोळ्यावर येत न्हाय, कारण ती समद्यांची हायती. धनगर भाईरचा.

दुसरी गोष्ट. कुसळी (टोकदार कुसळाचं गवत) वाढली तर आमच्या काय उपयोगाची न्हाय. कुसळ लोकरीतनं कातड्यात घुसतं, तोंडात रुततं, मेंढरू चरायचं सोडतं. माळ लई खाल्ला की चांगलं गवत जातं आन् कुसळीच ऱ्हाती. नुसतं कुंपण घालून बसला तर कुसळीचं रान हुईल आन् उन्हाळ्यात कुणीतरी काडी टाकंल. ते गवत कुसळ धरायच्या आत खायाला पायजे. ते काम मेंढरू करतं, विळा न्हाय करत.

आमचा आजा सांगायचा, गावानं माळाचं तुकडं पाडल्यालं असायचं. ह्या सालाला हा तुकडा, पुढच्या सालाला तो. गावचा पाटील आन् धनगराचा म्होरक्या बसून ठरवायचं. बदल्यात आमी शेतात मेंढरं बसवायचो, लेंडीखत फुकाट. त्यो कागूद कुठं लिव्हल्याला न्हाय, पर चालायचं.

ग्रामसभंला जायाचं तर ह्ये हातात घिऊन जावा.

वर्षा_भूजल

भूजलाच्या क्षेत्रात काम करते, पुण्यात. दोन गोष्टी सांगते, एक जरा कडू आहे.

पहिली. चराचा_हिशोब यांचं गवताबद्दलचं म्हणणं पटतं, पण गवत आलं म्हणजे विहिरीला पाणी आलंच असं गावाला सांगू नका. माती थांबेल, पाणी सावकाश चालेल, ओढा जास्त दिवस वाहील, इतकं खात्रीनं सांगा. विहिरीत किती येईल ते खालच्या दगडावर आहे. बेसाल्टचे थर असतात. घट्ट काळा कातळ पाणी घेत नाही. भोकाभोकांचा मांजऱ्या किंवा भेगाळलेला थर असेल तर तो घेतो. गायरानाच्या कुठल्या उतारावर मांजऱ्या उघडा पडलाय ते जुन्या विहीर खोदणाऱ्याला घेऊन शोधा. कामाचा जोर तिथं लावा. सगळ्या ६२ हेक्टरवर सारखंच काम करायची गरज नाही. आणि कृपा करून पोकलेन लावून ओढा खोल करू नका. खोलीकरणाच्या नादात कातळ फोडून जवळच्या विहिरींचं पाणी ओढ्यात ओतलेली गावं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी ओढ्यात पाणी दिसतं, सगळे फोटो काढतात, मार्चमध्ये विहिरी रिकाम्या.

दुसरी, कडू. तुमच्या गायरानावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी झालं २४ कोटी ८० लाख लिटर. (१ हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. करून बघा.) आमच्याकडे बेसाल्टच्या भागात साधारण शंभरातले सात ते तेरा भाग मुरतात असं धरून आकडेमोड करतात. दहा धरा. म्हणजे अडीच कोटी लिटरच्या जवळपास. चराचा_हिशोब यांचा उसाचा आकडा घेतला तर अख्ख्या गायरानात मुरलेलं पाणी तीन एकर उसात संपतं. तुम्ही लिहिलंय दोघा-तिघांचा ऊस आहे. किती एकर?

भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढं शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे. तुमच्याकडे बोअरची गाडी आली तर किती फुटांवर थांबते ते तुम्हाला माहीत आहे, मला सांगू नका.

झाड की गवत हा वाद जरूर घाला, पण त्याच बैठकीत विहिरींची पातळी मोजायला सुरुवात करा. खर्च शून्य. दोरीला दगड बांधा, दहा विहिरी निवडा, मे अखेर आणि ऑक्टोबर अखेर मोजा, शाळेच्या भिंतीवर लिहा. भूजल सर्वेक्षणवालेही निरीक्षण विहिरी ठराविक महिन्यांतच मोजतात. दोन वर्षांनी तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील, मग माझ्यासारख्या बाहेरच्यांना विचारायची गरज पडणार नाही.

माळावरचा

वर्षाताई, ऊस साडेसात एकर. विचारून आलो. शिवाय ९ शेततळी, त्यातली ७ प्लास्टिक अंथरलेली आणि बोअरनं भरलेली. पावसाच्या पाण्यानं भरलेलं एकही नाही.

खांडवाला, तुझं वाचून खाली मान घातली. खरंच विचारलं नव्हतं. आमच्या गावाला धनगरवस्ती आहे, बावीस घरं, आणि मासिक बैठकीत त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती.

चराचा_हिशोब

प्लास्टिकच्या शेततळ्याचं ऐकून राहवत नाही. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडं दिवसाला आठ-दहा मिलिमीटर वाफ होते. भरलेल्या तळ्यावरून रोज सात ते नऊ हजार लिटर नुसतं हवेत. जमिनीखाली सावलीत झाकून ठेवलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात वाळत घालायचं. पापड आहेत का ते? बरं, तळं बांधायला अनुदान. ते द्यायला आमचंच खातं. (माझ्या सहीचीही असतील काही.)

खांडवाला बरोबर बोलतोय. आम्ही चराईबंदी म्हणायचो तेव्हा मेंढपाळाला कधी बोलावलं नाही, रजिस्टरवर सह्या मात्र सगळ्यांच्या घेतल्या. तुकडे पाडून फिरती बंदी हा चांगला मार्ग आहे. पहिले दोन पावसाळे एक तुकडा पूर्ण बंद, बी पडू द्यायचं. मग तो उघडायचा, पुढचा बंद करायचा.

जिजाऊ_गट_सांगोला

मी सांगोल्याकडची. आमच्या बचत गटाला गावच्या पाझर तलावाच्या वरचा १४ एकर माळ राखायला दिला होता, म्हणून लिहिते. तलाव ७२ च्या दुष्काळातला, माझ्या सासूबाईंनी तिथं खडी फोडलीय, सुकडी खाऊन.

गवत आलं. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं आलं. भांडण तेव्हा लागलं. ज्यांच्या दावणीला दहा जनावरं ते म्हणाले, आमची गरज मोठी, आम्हाला जास्त भारे. ज्या बायकांनी दोन पावसाळे राखण केली, त्यातल्या निम्म्यांकडे एक शेळी नाहीतर तीही नाही. त्यांना काय? शेवटी ठरलं, घरटी सारखे भारे. ज्याला नको त्यानं आपला वाटा विकावा. पहिल्यांदा भूमिहीन बाईच्या हातात गवताचे पैसे आले, आणि त्या दिवसापासून माळात चुकार शेळी घुसली की ओरडायला आठ जणी धावायला लागल्या. राखणदार ठेवावा लागला नाही.

ही अक्कल आमची नाही. गटाच्या शिबिरात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीचं सांगितलं होतं. पुरंदर तालुक्यात नायगावला ७४ सालापासून त्यांनी पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या मापानं दिलं, माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क आणि उसाला बंदी. आम्ही म्हटलं पाण्याचं जमतं तर गवताचं का नाही.

एक चूक सांगते, ती करू नका. आम्ही सगळं गवत फुलोऱ्यात असताना कापलं, चारा गोड म्हणून. बी पडलंच नाही, पुढच्या वर्षी माळ पातळ. चौथा हिस्सा उभा ठेवा. आणि होळीच्या आत कडेनं जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) मारून घ्या. आमचा एकदा अर्धा माळ विडीनं गेला.

हिरवी_वाट

मी पहिल्या प्रतिसादात जरा जोरात बोललो, मान्य. हेक्टर आणि लिटरचा हिशोब मी कधी केला नव्हता. पण माझा एक प्रश्न शिल्लक आहे. मग झाड लावायचंच नाही का कुठं? सगळा माळ उघडा? पाखरांना, माणसांना सावली नको?

चराचा_हिशोब

लावा की! ओढ्याच्या दोन्ही काठांना, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, शेताच्या बांधावर, वस्तीत, शाळेत. जिथं मातीला खोली आहे आणि खाली ओल आहे तिथं. कडुलिंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच. माळावर आपोआप आलेली बोर-हिवराची तुरळक झाडं तोडू नका, तीच माळाची सावली.

आणि पाखरांचं म्हणाल तर माळाला माळाचीच पाखरं असतात. चंडोल, धाविक, तितर झाडावर घरटं करत नाहीत, त्यांना उघडं गवतच लागतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य केलं, तो पक्षी गेला तो झाडं कमी पडली म्हणून गेला नाही. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर लोक पुण्याहून गाडी करून लांडगा आणि चिंकारा बघायला येतात. तुमच्या माळावर खोकड (माळावरचा छोटा कोल्हा) नक्की असणार. नानांना विचारा.

माळावरचा

उशीर झाला, माफी. ग्रामसभा झाली. जे झालं ते सांगतो.

सभा मुद्दाम जुलैत लावून घेतली, वाडे माघारी आल्यावर. धनगरवस्तीतले अकरा जण आले, त्यांना पुढं बसवलं. नानांनी पहिल्यांदा माईक हातात धरला आणि दहा मिनिटं सोडला नाही. खोकडाचं विचारलं होतं, आहे म्हणाले, ठाण्यामागं बीळ आहे, दोन पिल्लं. मुलांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन मोबाइलवर फोटो काढला, आता गटावर हिरव्या बदामांऐवजी खोकड फिरतंय.

१६ हेक्टरचा एक तुकडा दोन पावसाळे बंद. मग फिरवायचा. बाकी माळ मेंढरांना आणि गाईंना उघडा, पण वासरं-शेळ्या मोकाट सोडली तर दंड. दंड किती यावर पाऊण तास गेला. बंद तुकड्यातले बुजलेले चर उपसायचे, घरटी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस. गवत घरटी सारखं. हे जिजाऊ गटाचं वाचून दाखवलं तेव्हा मागं बसलेल्या बायकांनी एकदम टाळ्या वाजवल्या, पुढच्या खुर्च्यांवर शांतता.

झाडांचं संस्थेला सांगितलं, ओढ्याकाठी आणि बांधावर मिळून बाराशे लावू, आमच्या यादीतली. त्यांनी कळवलं, निधी देणाऱ्याला दहा हजाराचाच आकडा हवा आहे, आणि एका सलग जागी, कारण ड्रोननं चित्रीकरण करायचं असतं. गेले ते. बाराशे रोपं आता सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणायची आहेत, लिंब आणि बाभूळ मिळेल म्हणालेत, हिवर नाही.

ऊस. साडेसात एकरवाल्यांतला एक जण उठून निघून गेला. दुसरा म्हणाला, पुढच्या हंगामापासून ठिबक करतो. बोअरबंदीचा विषय सरपंचांनी पुढच्या सभेवर ढकलला. ढकलणारच, त्यांचं डाळिंब आहे. पण वर्षाताई, शाळेच्या भिंतीवर दहा विहिरींची नावं रंगवून झालीत. मे अखेरचे आकडे नव्हते, जुलैचे टाकले. सरपंचांची विहीर तिसऱ्या नंबरला आहे, पाणी ४१ फुटांवर. भिंत रस्त्याकडेला आहे, एसटीतून उतरणारा प्रत्येक जण वाचतो.

आता एक अडचण. बंद तुकड्यात शेडा-पवन्याचं बी मुळातच कमी आहे, म्हसोबाच्या कुंपणातून गोळा केलं तर जेमतेम अर्धं पोतं होईल. बाजारात चौकशी केली तर सगळे हमाटाचं (शेंगवर्गातला चारा) बी पुढं करतात. ते चालेल का? की पवन्याचंच शोधू?

चराचा_हिशोब

हमाटा चराच्या मातीवर टाका, भर धरून ठेवतो आणि चाराही चांगला. पण माळावर पवनाच हवा. माझ्या मित्राच्या माळावर खटावला आहे, राखलेला आहे. बी दसऱ्याच्या पुढं पिकतं. दोन दिवसांत गळून जातं, म्हणून निरोप दिला की लगेच निघायचं, उद्या-परवा करायचं नाही. कापडी पोती घेऊन या, प्लास्टिकची नको, बी घामेजतं. आणल्यावर सावलीत पसरा. पेरायचं पुढच्या वर्षी, मृगाच्या आधी, कोरड्या मातीत धूळपेरणी. माती आणि शेणात कालवून गोळ्या केल्या तर मुंग्या कमी नेतात.

किती जण येणार तेवढं कळवा, त्याला जेवणाचं सांगून ठेवतो.

खांडवाला

मी येतो. बा पण येतो म्हंतोय. दिवाळीच्या आत असंल तरच, मंग वाडा निघतो.